जप्त गाड्यांच्या लिलावातून घेतलेली एक हॅचबॅक: पूर्ण प्रकरण

माझ्या मामेबहिणीला रात्रपाळीच्या नोकरीसाठी गाडी हवी होती. बजेट असं की नवीन गाडीचा विषयच नाही, आणि ओळखीतून मिळणारी बऱ्यापैकी जुनी गाडीसुद्धा थोडक्यात हाताबाहेर जात होती, त्यामुळे टोइंग करून आणलेल्या आणि नंतर कोणी सोडवून न नेलेल्या गाड्यांचा जो लिलाव होतो त्यात उतरायचं तिने ठरवलं आणि मला म्हणाली, दादा तू सोबत चल. मी काही मेकॅनिक नाही पण गाड्यांचा नाद जुना आहे आणि असले लिलाव आधीही बघितलेत. हे सविस्तर लिहितोय कारण या विषयावर एक तर मातीमोल भावात गाडी मिळाली म्हणणारे भेटतात नाहीतर चुकूनही तिकडे फिरकू नका म्हणणारे, पण नक्की काय बघितलं, आकडा कसा काढला आणि घरी आणल्यावर काय काय निघालं हे मधलं सगळं कोणी सांगतच नाही.

आधी या गाड्या यार्डात येतात कशा ते. नो पार्किंगमधून उचललेल्या, विमा किंवा लायसन नसताना पकडलेल्या, दारू पिऊन चालवताना अडवलेल्या, अपघातानंतर रस्त्यातून हटवलेल्या, कुठेतरी सोडून दिलेल्या, आणि काही गुन्ह्याच्या तपासात जप्त झालेल्या. गाडी यार्डात आली की टोइंगचा खर्च आणि वर जागेचं भाडं रोज चढायला लागतं, मालकाने ठराविक मुदतीत ते भरलं नाही तर त्याला आणि गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्याला नोटीस जाते, आणि तरीही कोणी आलं नाही की गाडी लिलावात. आता यात मला मनापासून वाटतं ते सांगतो, हे रोज चढणारं भाडं हातावर पोट असलेल्या माणसाला फार जड जातं, पहिल्या आठवड्यात पैसे नसले तर पुढच्या महिन्यात ते आणखीच आवाक्याबाहेर गेलेले असतात, आणि मग चांगली चालती गाडी केवळ त्यापायी जाते. म्हणजे लिलावातली प्रत्येक गाडी कोणीतरी खराब म्हणून टाकलेली असते हे खरं नाही. काही खराब म्हणून टाकलेल्या असतात आणि काही सोडवता आल्या नाहीत म्हणून राहिलेल्या असतात, आणि या दोन्ही एकाच रांगेत, तीच धूळ खात उभ्या असतात.

म्हणूनच आमच्या या खरेदीत सगळ्यात कामाला आलेला प्रश्न होता, ही गाडी यार्डात का आली? किती किलोमीटर चालली हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

आणखी एक गोष्ट आहे जी लोकांच्या लक्षात येत नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात विकणाऱ्याला सगळं माहीत असतं आणि घेणाऱ्याला काही नाही, सगळी फसवणूक तिथूनच सुरू होते, अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली नेमकं हेच मांडलं होतं आणि माहितीच्या या असमतोलावरच्या कामासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेलही मिळालं. पण यार्डाच्या लिलावात विकणाऱ्यालाही गाडीबद्दल काही माहीत नसतं! त्याने ती कधी चालवलेली नसते, पॉलिश मारलेली नसते, इंजिन धुतलेलं नसतं, गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये साठलेले बिघाडाचे कोड पुसलेले नसतात. तो काही सांगत नाही पण काही लपवतही नाही, गाडी ज्या दिवशी आली त्या दिवशीच्या खुणा तिच्या अंगावर तशाच असतात. ज्याला त्या वाचता येतात त्याच्यासाठी हे डीलरच्या चकचकीत गाडीपेक्षा जास्त प्रामाणिक आहे असं माझं मत आहे.

यादी हातात आल्यावर गाड्या बघायच्या आधी आम्ही कागद बघितले, आणि हा क्रम मी कधीच उलटा करणार नाही. यार्डाच्या खिडकीवर बहिणीने विचारलं की या लॉटची (म्हणजे लिलावाच्या यादीतल्या या नंबरची) गाडी पुन्हा रस्त्यावर नोंदवता येईल का फक्त सुट्या भागांसाठी विकताय, कर्ज देणाऱ्याचा हक्क संपलाय का, आणि पैसे भरल्यावर माझ्या हातात नक्की कोणता कागद देणार. पहिल्याच प्रश्नावर तिला यादीत आवडलेली एक गाडी बाद झाली, ती फक्त सुट्या भागांसाठी होती, कितीही दुरुस्त केली तरी तिला पुन्हा नंबर मिळाला नसता. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक ठिकाणच्या कायद्यावर असतं, काही ठिकाणी लिलावाने जुना बोजा आपोआप उतरतो तर काही ठिकाणी तो गाडीबरोबर तुमच्या घरी येतो, त्यामुळे यार्डातल्या माणसाच्या तोंडी उत्तरावर न थांबता ती नोंदणी कार्यालयात स्वतः जाऊन विचारून आली. आम्हाला जी हॅचबॅक शेवटी मिळाली तिच्यावर कर्जाची जुनी नोंद होती. नोटीस गेल्याचा आणि मुदत संपल्याचा कागद यार्डाने दाखवला, नोंदणी कार्यालयाने तो चालेल म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे आम्ही ती यादीत ठेवली.

मग पाहणीचा दिवस. इथे नियम कडक असतात, गाडी चालवून बघता येत नाही, जॅक लावता येत नाही, काही यार्डात तर बॉनेटसुद्धा उघडू देत नाहीत. आमच्या इथे बॉनेट आणि दारं उघडायला परवानगी होती आणि ज्या गाड्यांची चावी आहे त्या यार्डाचा माणूस बूस्टर (बाहेरून जोडायची बॅटरी) लावून एकदा सुरू करून दाखवत होता. बरोबर नेलं काय तर टॉर्च, चुंबक, हातमोजे, कोड वाचायचा छोटा स्कॅनर आणि वही. ओळखीच्या एका मेकॅनिकला पण घेऊन गेलो होतो, बहिणीने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, काका, गाडी छान आहे असं म्हणूच नका, काय बिघडलंय तेवढंच सांगा.

तीन गाड्यांवर खुणा केल्या होत्या.

पहिली सेडान, रांगेत उठून दिसणारी, रंग झकास, सीट स्वच्छ, दाराच्या खांबावर सर्व्हिसचं स्टिकर आणि त्यावर किलोमीटर कमी. तिच्याभोवती सगळ्यात जास्त गर्दी. काकांनी सीट बेल्ट धरला आणि पूर्ण शेवटपर्यंत बाहेर ओढला, आणि जो भाग एरवी कधी बाहेर येत नाही तिथे पट्ट्यावर सरळ रेषेत मातकट डाग निघाला. खालचा भाग मळका, वरचा स्वच्छ. पुढे मग सगळंच जुळत गेलं, सीटच्या रुळांच्या बोल्टला गंज, मागच्या दिव्यात आतून वाफ धरलेली, कार्पेट उचललं तर त्याखालच्या वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर. पाण्यात बुडालेली गाडी. हिला यार्डात यायचं कारण यादीत "सोडून दिलेली" असं होतं आणि ते बरोबरच होतं, मालकाने विचार करूनच सोडली असणार. बुडालेली गाडी आज सुरू होते पण तिच्या वायरिंगमधला गंज आत आत चालूच राहतो, आज खिडकी बंद पडते, दोन महिन्यांनी एबीएस, नंतर एअरबॅगचा कंट्रोलर, आणि हे संपत नाही. काट मारली.

दुसरी मोठी एसयूव्ही, चारही चाकांना इंजिनची ताकद जाणारी, ऑटोमॅटिक. अपघात नाही, पाणी नाही, आतून नीटनेटकी. हिच्या बाबतीत शंका आली ती टोइंगवरून. अशी गाडी पूर्ण उचलून ट्रकवर ठेवूनच न्यावी लागते, दोन चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाची) वाट लागू शकते, कारण चाकं फिरतात पण इंजिन बंद असल्यामुळे आतला पंप तेल फिरवत नाही. हिचं मागचं बंपर खालून खरवडलेलं होतं, हुकाचा ताजा ओरखडा होता, आणि काकांनी गिअरबॉक्सची डिपस्टिक काढली तर तेल काळपट आणि वास जळका. बंद करून पार्क केलेली चांगली गाडी असेलही, पण यार्डापर्यंतच्या प्रवासातच तिचं सगळ्यात महागाचं अंग दुखावलं असण्याची दाट शक्यता. जप्त गाड्यांच्या बाबतीत हे खास लक्षात ठेवायला हवं, मालकाने काय केलं एवढंच बघून भागत नाही, टोइंगवाल्याने काय केलं तेही बघायचं.

तिसरी ही हॅचबॅक. धुळीने माखलेली, पुढचा एक टायर बसलेला, कोणी तिच्याकडे बघतही नव्हतं. काचेवर यार्डाच्या पांढऱ्या मार्करने लॉट नंबर, "चावी आहे", आणि गाडी आल्याची तारीख लिहिलेली, त्यावरून कळलं की सात महिने उभी आहे. यादीत कारण होतं पार्किंग. आता यादीतलं कारण हे कोणीतरी घाईत टाकलेलं असतं त्यामुळे ते गाडीवर पडताळून बघायचं. मी मागच्या टायरांशी वाकून बघितलं तर दोन्ही टायरांवर एकेक जागा घासून सपाट झालेली, तळहाताएवढी, रबराचे दाणे एकाच दिशेला ओढले गेलेले. आत बघितलं तर हँडब्रेक वर खेचलेला आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये. सगळं लख्ख कळलं. कोणीतरी गाडी नीट पार्क करून, गिअर टाकून, हँडब्रेक ओढून, लॉक करून गेलं होतं, आणि टोइंगवाल्याने पुढून उचलून मागची जाम चाकं तशीच फरफटत आणली. ही पुढच्या चाकांना ताकद जाणारी मॅन्युअल गाडी, पुढची चाकं हवेत असल्यामुळे गिअरबॉक्सला काही झालेलं असायचं कारण नाही, नुकसान काय ते मागच्या टायरांचं आणि फार तर मागच्या ब्रेकचं. वायपरखाली पार्किंगच्या दंडाच्या पावत्या पावसाने लगदा होऊन चिकटल्या होत्या, एकापेक्षा जास्त. म्हणजे गाडी चालती होती आणि पार्किंगच्या भानगडीत गेली, बंद पडली म्हणून कोणी टाकून दिलेली नव्हती. मला त्या दिवशी मिळालेला सगळ्यात मोठा पुरावा तो घासलेला टायर होता.

मग बाकीची तपासणी, ती थोडक्यात सांगतो. चॅसिस नंबर १७ अक्षरा-अंकांचा असतो, त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात कारण ती एक आणि शून्याशी गोंधळ करतात, तर तो नंबर काचेखाली, दाराच्या खांबावर आणि बॉडीवर कोरलेला असा तीन ठिकाणी वाचून एकमेकांशी आणि कागदाशी जुळवला. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा, त्यावरून चारही टायर म्हातारे निघाले, घासले नसते तरी बदलायलाच लागले असते. सगळ्या काचांवर एकाच कंपनीचा शिक्का, बॉनेटच्या आणि दारांच्या बोल्टवरचा रंग न तुटलेला, म्हणजे मोठा अपघात नाही. चुंबक सगळीकडे सारखा चिकटला, म्हणजे रंगाखाली कुठे पुट्टी भरलेली नाही. ऑइलच्या झाकणाखाली जरासा पिवळट फेस होता, तो बघून एक जण लगेच हेड गॅस्केट (इंजिनातलं तेल आणि पाणी वेगळं ठेवणारं सील) गेलंय म्हणाला, पण उभ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही झाकणाला तेवढा फेस येतो, डिपस्टिकवरचं तेल दुधाळ असेल तर खरी काळजी, ते इथे काळं पण साफ होतं आणि कूलंटमध्ये तेलाचा तवंग नव्हता.

यार्डाच्या माणसाने बूस्टर लावला. दिवे लागले, एअरबॅगचा दिवा लागला आणि काही सेकंदांत गेला, तो असाच वागायला हवा, मुळात लागलाच नाही तर कोणीतरी काढून टाकलाय समजायचं. किलोमीटर दिसले, ते हिच्या सर्व्हिसच्या स्टिकरशी आणि क्लच पेडलच्या रबराच्या झिजेशी जुळत होते. इंजिन दोन प्रयत्नांत लागलं, अडखळत फिरलं आणि बंद पडलं, एक्झॉस्टला जुन्या पेट्रोलचा वार्निशसारखा वास. सात महिने टाकीत पडलेलं पेट्रोल असंच होतं, हलके घटक उडून जातात, इथेनॉल असेल तर ते हवेतली ओल ओढून घेतं. स्कॅनरवर कोड काही नव्हते पण त्याने हुरळून जायचं नाही. इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या की नाही याची नोंद असते, आणि ती नोंद अपूर्ण दिसली तर बाहेरच्या बाजारात आपण म्हणतो की कोड मुद्दाम पुसले, पण यार्डात बॅटरी मेलेली असते, आणि बॅटरी तशी पार बसली तरी ही नोंद कोरी होऊ शकते. त्यामुळे इथे कोऱ्या नोंदीचा अर्थ ना चांगला ना वाईट. हे काकांनी समजावून सांगितलं म्हणून बहिणीने वहीत स्कॅनरच्या पुढे "माहिती नाही" एवढंच लिहिलं.

आता आकडा. किमती जागोजागी वेगळ्या असतात म्हणून भागांत सांगतो, त्याच मॉडेलची त्याच वयाची नीट ठेवलेली गाडी खाजगीत ज्या किमतीला जाते ती १०० धरा. बहिणीचं म्हणणं होतं की इतिहास माहीत नसलेली गाडी मला रस्त्यावर येईपर्यंत ८० च्या वर पडता कामा नये, नाहीतर मग माहितीतली का घेऊ नये, आणि हे तिचं अगदी बरोबर होतं. मग खर्च मांडला. टायर ८, ब्रेक ५, सगळी तेलं, फिल्टर आणि बाहेरचे बेल्ट (टायमिंग बेल्ट यात नाही) ४, बॅटरी २, ट्रकवरून घरी आणायला २, कागदपत्रं आणि विमा ३, आणि न दिसणाऱ्या गोष्टींसाठी १२. झाले ३६. ८० मधून ३६ गेले की ४४ उरतात. पण लिलावात बोलीवर वेगळं कमिशन असतं, आमच्याकडे १० टक्के होतं, म्हणजे ४४ कमिशन धरून, त्यामुळे बोली ४० वर थांबली पाहिजे. या कमिशनमुळे नवीन माणसं हमखास गोत्यात येतात, हातोडा पडतो त्या आकड्यालाच ते किंमत समजतात. तिने वहीत ४० लिहून त्याला चौकोन केला.

न दिसणाऱ्या गोष्टींसाठी १२ भाग ठेवणं काहींना जास्त वाटेल. मला वाटत नाही. चालवून न बघितलेल्या गाडीत क्लच, सस्पेन्शन, एसी, स्टिअरिंग यातलं काहीच आपण तपासलेलं नसतं, आणि आशेवर बोली लावायची नसते.

लिलावाच्या सकाळी यादीतले काही लॉट खोडलेले होते, मालक आदल्या दिवशी येऊन पैसे भरून गाड्या सोडवून घेऊन गेले होते. बऱ्याच ठिकाणी अगदी हातोडा पडेपर्यंत मालकाला हा हक्क असतो. आमची सुद्धा अशी गेली असती तर मला वाईट वाटलं नसतं, खरंच.

सेडान लवकर आली. डीलर मंडळी सुरुवातीलाच गप्प झाली आणि दोन घरगुती गिऱ्हाइकं एकमेकांवर चढत तिला तिच्या मॉडेलच्या भावाच्या ५८ भागांवर घेऊन गेली. मला त्या घेणाऱ्या माणसाला जाऊन सीट बेल्ट ओढून बघ म्हणून सांगावंसं वाटलं, पण हातोडा पडला होता. १९७१ मध्ये तेलाच्या साठ्यांच्या लिलावांवर काम करणाऱ्या तीन इंजिनिअरांनी हेच दाखवलं होतं की वस्तूची खरी किंमत कोणालाच नक्की माहीत नसेल तेव्हा लिलाव तोच जिंकतो ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त फुगलेला असतो. म्हणून लिलावात जिंकल्यावर आधी प्रश्न पडायला हवा की बाकीचे का थांबले. डीलर थांबतात ते बहुतेक वेळा कारणाने थांबतात. पण उलटंही लक्षात घ्या, डीलरला गाडी पुन्हा विकून नफा काढायचा असतो म्हणून तो आपल्यापेक्षा खालीच थांबणार, त्यामुळे स्वतः वापरायला घेणारा माणूस डीलरच्या एक पायरी वर गेला तर तो वेडेपणा होत नाही, फक्त आपला चौकोनातला आकडा ओलांडायचा नाही.

हॅचबॅक दुपारी आली. उकडत होतं, माणसं पांगली होती. एक डीलर आणि बहीण दोघंच. ३० पासून डीलर भराभर वाढवत होता, ३५ नंतर तो प्रत्येक वेळी विचार करायला लागला, बहिणीचा हात मात्र तेवढ्याच शांतपणे वर जात होता. ३६ त्याचे, ३७ हिचे, आणि त्याने मान हलवली. ३७ ला पडली, कमिशन धरून ४०.७.

त्याच दिवशी पैसे, ठरलेल्या मुदतीत गाडी उचलायची, नाहीतर तेच जागेचं भाडं आता नवीन मालकावर सुरू. चालवत आणायचा प्रश्नच नव्हता, विमा नाही, ब्रेक माहीत नाहीत, टायर सपाट, ट्रकवर चढवूनच आणली. निघायच्या आधी गाडी आतून पूर्ण रिकामी केली. डिक्कीत लहान मुलाची सीट होती, ग्लोव्ह बॉक्समध्ये काही फोटो आणि दवाखान्याचे कागद. बहिणीने ते सगळं पिशवीत भरून यार्डाच्या ऑफिसात दिलं आणि पोच घेतली. जे असं करत नाहीत त्यांच्याबद्दल मला राग आहे, गाडी लिलावात घेतली म्हणून कोणाचे फोटो आपले होत नाहीत.

घरी आल्यावर काकांनी सरळ चावी फिरवली नाही. आधी जुनं इंजिन ऑइल काढून नवीन घातलं, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं थोडं तेल सोडलं, क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. टाकीतलं सगळं पेट्रोल उपसलं, ते गडद पिवळं आणि घाण वासाचं निघालं. फ्युएल फिल्टर बदलला तरी पंप कुरकुरत होता म्हणून पंपही बदलला, हे सगळं मिळून ४ भाग, हिशोबात नव्हते, बाराच्या राखीव खात्यातून गेले. ब्रेक ऑइल बदलताना कळलं की मागचा एक कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) जाम आहे, सात महिने हँडब्रेक वर असल्याचा परिणाम, त्यामुळे ब्रेकचे ५ चे ७ झाले. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं होतं, नशिबाने वायर कुरतडल्या नव्हत्या. आणि टायर बदलायला गेलो तर प्रत्येक चाकाला एक नट चोरी होऊ नये म्हणून वेगळ्या घाटाचा, त्याचा पाना गाडीत कुठेच नाही. ते नट काढून नवीन घालायला १ भाग आणि टायरवाल्याची अर्धी सकाळ. पाहणीच्या दिवशी चाकांकडे तेवढं बघितलं तर हे आधी कळतं, पुढे कोणी जाणार असाल तर बघा.

एक काम फुकट झालं आणि ते सगळ्यात महत्त्वाचं होतं. चॅसिस नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघितला तर या गाडीवर एक रिकॉल (सदोष भाग बदलून देण्यासाठी कंपनीने गाड्या परत बोलावणं) अजून बाकी होता, जुन्या मालकाने नोटिसा बघितल्या नसाव्यात किंवा पोचल्याच नसतील. अधिकृत सेंटरने तो भाग पैसे न घेता बदलून दिला. यार्डातल्या गाड्यांमध्ये हे फार सापडतं कारण पत्ते बदललेले असतात आणि मालक आधीच अडचणीत असतो. टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं उदाहरण सगळ्यांना माहीत असायला हवं, त्यातलं एअरबॅग फुगवणारं अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणाने वर्षानुवर्षं बिघडत जातं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडतात, एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख अशा एअरबॅग परत मागवल्या गेल्या आणि २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. मागवल्या म्हणजे सगळ्या बदलल्या गेल्या असं नाही. जुनी गाडी कुठूनही घ्या, नंबर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात.

नोंदणीला वेळ लागला. लिलावाचा दाखला, नोटिशीचा कागद, तपासणीचा कागद हे सगळं घेऊन बहीण गेली तर खिडकीवरच्या माणसाने पहिल्यांदा जुन्या मालकाची सही मागितली, लिलावातल्या गाडीला ती नसते, त्याऐवजी लिलाव करणाऱ्याचा दाखला चालतो हे तिने आधी विचारून लिहून आणलं होतं म्हणून वाद न होता काम झालं. कर्जाची नोंदही तेव्हाच उतरली.

हिशोब असा बसला. टायर ८, ब्रेक ७, तेलं आणि बेल्ट ४, बॅटरी २, ट्रक २, कागद ३, पेट्रोलची सगळी भानगड ४, नट १, एकूण ३१. बोली आणि कमिशन ४०.७. म्हणजे रस्त्यावर आली तेव्हा ७१.७. राखीव १२ पैकी ७ संपले होते. आता उन्हाळ्यात एसी गार होईना म्हणून दाखवला तर कॉम्प्रेसरचं सील गेलंय, खूप दिवस एसी न लावता गाडी उभी राहिली की ते सुकतात, त्याचा खर्च ६ सांगितलाय. तो केला तर ७७.७ होतील, राखीव खात्याच्या एक भाग वर पण तिच्या ८० च्या आतच. ती म्हणते रात्रपाळीला जाताना एसी लागत नाही, पुढच्या पगाराला बघू. काकांनी पुढच्या सर्व्हिसला क्लच आणि टायमिंग बेल्ट नीट बघायला सांगितलंय, बेल्ट बदलल्याची कुठेच नोंद नाही त्यामुळे तो झिजलेला दिसो न दिसो बदलायचाच असं ठरलंय, आणि ते पैसे तिने बाजूला काढून ठेवलेत.